ओल्या गाठी

ज्या उन्हाळ्यात शेजारच्या जिल्ह्याला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या तोंडाशी, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, बीड जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका वस्तीवरची विहीर आटली. विहीर मारुती नावाच्या मेंढपाळ शेतकऱ्याची होती. त्याआधी ती कधी आटल्याचे गावात कुणाला आठवत नव्हते. चार दिवसांनी ते कुटुंब मेंढरे घेऊन गोदावरीच्या दिशेने निघून गेले. मारुतीची मुलगी अश्विनी नववीत होती. वार्षिक परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

गावाचे नाव इथे देत नाही. त्या गावाबद्दलची एक गोष्ट मी एकदा लिहून दिली आहे, ती पुरे.

यंदा पाऊस पुन्हा ऑगस्टात थांबला. सोयाबीनच्या शेंगा चपट्या राहिल्या. दुपारी कापसाची पाने कुत्र्याच्या कानासारखी खाली पडतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. वारा पश्चिमेचा आहे, पण त्याला मातीचा वास नाही; वाळलेल्या गवताचा आहे. हा वास आला की मला सुताचा दोर आठवतो. उन्हात तापलेल्या सुती दोराला भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा वास येतो. तोच दोर विहिरीतून वर आला की त्याच्या खालच्या टोकाला शेवाळाचा, गार दगडाचा वास असतो. एकाच दोराला दोन वास. मधे कुठेतरी एक वास संपून दुसरा सुरू होतो, आणि ती जागा बोटाने दाखवता येते.

त्या वर्षी मी गावच्या माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होतो. त्याआधी सहा वर्षे एका दैनिकाच्या बीड कार्यालयात बातम्या तपासण्याचे काम केले होते. आईच्या आजारपणामुळे गावाजवळ राहणे भाग होते. अधूनमधून त्याच दैनिकाला बातम्या पाठवत असे. शाळेने मला माहिती तंत्रज्ञान हा विषय दिला. संगणक चार होते, वीज नसे. परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद होते. राख उडत नव्हती. वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत पांढरा राहायचा. परळीला दिलेल्या माझ्या बहिणी सांगायच्या, एवढी स्वच्छ हवा आम्ही कधी बघितली नव्हती.

पहिल्याच धड्यात तीन शब्द होते. विदा, माहिती, ज्ञान. मी ते फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून बालाजी उठला.

"सर, इदा म्हंजी? पोरगी सासरी जाती तवा पिच्चरमदी असती ती इदाई का?"

"बस बे खाली," कुणीतरी म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो आणि सांगितले की विदा म्हणजे नुसता आकडा, नुसती नोंद. नऊ. हा नऊ कशाचा ते कळले, दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला, की माहिती होते. त्या माहितीवरून काय करायचे, काय करायचे नाही हे कळले, की ज्ञान. बालाजीने वहीत पहिल्या शब्दासमोर कंसात 'सासर' लिहिले होते. मी ते खोडायला लावले.

दिवाळीनंतर वर्ग निम्मा झाला. कोयते, भांडी, कोंबड्या आणि लहान भावंडे घेऊन ट्रक मांजरसुंब्याच्या दिशेने गेले, तिथून पुढे पश्चिमेला, उसाच्या फडांवर. बालाजीही गेला. उरलेल्या मुलांत अश्विनी होती. ती उरली याचे कारण गावात सगळ्यांना माहीत होते. मारुतीच्या विहिरीला पाणी असे, म्हणून मेंढरे जागेवर तगत, म्हणून ते कुटुंब उसाला जात नसे, म्हणून मुलगी शाळेत बसे.

संगणक बंद, वर्ग अर्धा. मी ठरवले, आकडे विहिरींचे घ्यायचे. सुताचा लांब दोर आणला. नायलॉनवर ओल दिसत नाही. हाताहातावर गाठ मारली. टोकाला दगड बांधला. दगड तळाला टेकेपर्यंत सोडायचा, टेकला की दोर सैल पडतो, मग ओढून घ्यायचा आणि ओल्या गाठी मोजायच्या. जेवढ्या गाठी ओल्या, तेवढे हात पाणी. दर सोमवारी, शाळा भरण्याआधी, गावाभोवतीच्या अकरा विहिरी. चार विद्यार्थी, एक वही.

पहिल्या सोमवारी कळले की त्या गावात हा प्रश्न विचारत नाहीत. "पाणी किती आहे?" म्हटले की माणूस विहिरीकडे न बघता म्हणे, "पुरतंय." आत खडक उघडा पडलेला असला तरी पुरतंय, काठोकाठ असली तरी पुरतंय. एका म्हातारबांनी आम्हाला बघून पोहरा उचलून आत नेला.

मारुती मेंढरांना पाणी पाजत होते. त्यांनी दोर हातात घेतला, गाठी चाचपल्या.

"सर, इहीर आन् दुभती म्हैस, आकडा सांगितला की आटती."

"दुधाचा आकडा तर रोज सांगता," मी म्हणालो. "डेअरीत फॅट लागतं, डिग्री लागते. तिथं कसं चालतं?"

"दुधाला आकडा लागतो, कारन दूध घालायचं असतंय. इहीर कुठं घालायची हाय?"

अश्विनी मधेच वडिलांना म्हणाली, "दादा, शाळेचं हाय. मार्क हायेत त्याला."

"मार्क हायेत?" मारुती म्हणाले. "मग मोज बाई."

ती कठड्यावर गुडघे टेकून बसली आणि दोर सोडला. बराच वेळ गेला. दगड टेकल्याचा आवाज येत नाही, हाताला कळते. तिने वर ओढताना एकेक गाठ मोठ्याने मोजली. नऊ.

त्या दिवशी वर्गात मी फळ्यावर 'पुरतंय' लिहिले आणि त्यावर काट मारली. हा आकडा नाही, म्हणून सांगितले. यात कुणी काही शिकत नाही, यातून काही सिद्ध होत नाही. माझ्या रोजनिशीत त्या तारखेला मारुतींच्या म्हशीच्या वाक्यापुढे एकच शब्द आहे: अंधश्रद्धा.

थंडीत विहिरी एकेक करून गेल्या. डिसेंबरअखेर पाच, संक्रांतीपर्यंत आठ. सोमवारी सकाळी दोर वर यायचा तो जसा गेला तसा, कोरडा, फक्त दगडाला चिखल. वहीत मुले 'शून्य' लिहीत नसत. 'कोरडा' लिहीत. मी दुरुस्त केले नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अकरांपैकी एकीला नीट पाणी होते. मारुतींची विहीर. नऊ. कधी आठ, पुढच्या सोमवारी पुन्हा नऊ.

वर्गात प्रश्न आला की असे का. मुलांनी उत्तरे दिली: देवाची आहे, जुनी आहे, झरा मोठा आहे. अश्विनीने हात वर केला.

"आमच्या इहिरीवर मोटार न्हाई सर. दादा सकाळी साठ पोहरे काढतेत. साठ झाले की पोहरा उपडा घालतेत. पाव्हना आला तरी एकसष्टावा न्हाई. साठ काढले की दुसऱ्या दिशी तेवढंच भरतंय. आज्यानं सांगितलेलं हाय. एकदा जास्त काढलं हुतं, तर झरा मातीनं बुजला. चार दिवस लागले उघडायला."

मुलांनी वहीवरून अकरा विहिरींचा तक्ता केला होता, त्यात तीन रकाने होते. विदा, माहिती, ज्ञान. तिसरा रकाना दहा विहिरींपुढे रिकामा होता. अकराव्यापुढे तिने तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले: रोज साठ पोहरे. मोटार लावू नये. झरा बुजेल.

मी सहा वर्षे बातम्या तपासल्या होत्या. एवढ्या कमी शब्दांत एवढे नेमके लिहिणारी माणसे कार्यालयात फार नव्हती. तिला तसे सांगितले. तिने विचारले, "सर, ज्ञान झालं, की मग त्ये कुनाला सांगायचं?"

"सगळ्यांना," मी म्हणालो. "झाकून ठेवलेलं ज्ञान कामाचं नसतं."

तक्ता व्हरांड्यात लावला. मोठे पिवळे कार्डशीट, निळी शाई. खाली डाव्या कोपऱ्यात विषयशिक्षक म्हणून माझी सही.

गावच्या दूध संस्थेचे चेअरमन शाळेच्या समितीवर होते. प्रजासत्ताक दिनाला ते येऊन गेले होते. फेब्रुवारीत सेक्रेटरीला घेऊन पुन्हा आले. तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. कापडी टोपी, स्वच्छ धोतर, बोलणे मऊ. संस्थेला चारा छावणी काढायची होती. प्रस्तावाला जवळच्या खात्रीच्या पाण्याचा पुरावा लागत होता.

"लई मोठं काम केलंय पोरींनी," ते म्हणाले. "ह्यो तक्ता जिल्ह्याला दाखवतो सर. दोन दिवसांत वापस."

"मारुतींना विचारावं लागेल."

"त्ये माझ्याकडं लागलं. त्याच्या जनावराला पहिलं पानी, मग छावनीला. दिवसाला एक तास मोटार, वर एक मिनिट न्हाई. म्या शब्द देतो."

तक्ता मीच उतरवून, गुंडाळी करून, रबर लावून दिला. त्याच संध्याकाळी दैनिकाला बातमी पाठवली. मुलीने मोजल्या विहिरी, छावणीला मिळणार पाणी. छायाचित्रासह आठ ओळी छापून आल्या. अश्विनीच्या हातात दोर होता. तिने ते कात्रण वहीच्या पुठ्ठ्यात घातले. मारुतींनी पेपर उलटा धरून मग सुलटा केला, मुलीचा फोटो बघितला आणि घडी करून खिशात ठेवला.

विहीर अधिग्रहणाचा आदेश आठ दिवसांत आला. दुष्काळात खासगी विहीर सरकारला ताब्यात घेता येते. त्यात बेकायदा काही नव्हते. आदेशाला शाळेच्या तक्त्याची झेरॉक्स जोडलेली होती. ती मी तलाठ्याच्या हातात बघितली. डावीकडे विहिरींची नावे, मग पहिला रकाना, मग दुसरा. खाली माझी सही. तिसरा रकाना कागदावर नव्हता.

सेक्रेटरीला विचारले. तो डेअरीत कॅन धूत होता. दूध कमी झाल्यामुळे निम्मे कॅन उलटे ठेवलेले होते.

"मशीनमदी मावंना सर. परळीला चार दुकानं हिंडलो. मोठा कागद कुठंच न्हाई. मग घडी घातली."

"नेमकी तिसऱ्या रकान्यावर?"

"त्यात आकडाच नव्हता की. नुसतं लिवलेलं हुतं. आकडे समदे घेतलेत, एक सोडला न्हाई." तो थांबला. "आकडा नसला तर धरत न्हाईत, असं पोरंच सांगत हुती. तुमीच शिकवलंय म्हनं."

घडी कागद लहान म्हणून पडली, की घालायला सांगितली होती, हे तेव्हा निश्चित झाले नाही. पुढेही झाले नाही.

पाच अश्वशक्तीची मोटार बसली. पहिले दोन दिवस एक तास चालली. तिसऱ्या दिवसापासून वीज असेल तोवर चालू लागली. छावणीत अडीचशे जनावरे आली. ती जगली, हेही नोंदवायला हवे. उन्हात, वर ताणलेल्या तळवटाच्या सावलीत ओळीने बांधलेली, उसाच्या वाढ्याचे तुकडे चघळणारी, शेपटीने माशा वारणारी. संध्याकाळी विहिरीवर, आणि ती आटल्यावर दुरून, भरून आणलेला टँकर आला की सगळ्या माना एकदम वळत. तो आवाज, अडीचशे गळ्यांतल्या घुंगरांचा, वस्तीपर्यंत जायचा.

छावणीत मोठीच जनावरे घेत. शेळ्यामेंढ्यांना मंजुरी नव्हती. मारुतींची मेंढरे विहिरीपासून वीस पावलांवर उभी राहून मोटारीचा पाइप बघत असत.

मी चेअरमनकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"एक तास ठरला होता."

"ठरला हुता. अडीचशे जनावर हाय सर. त्यातली चाळीस तर तुमच्या शाळेतल्या पोरांच्या घरचीच हायेत. आता तुमीच सांगा, एका इहिरीकडं बघू का त्यांच्याकडं?"

"मोटार लावली तर झरा बुजेल, हे लिहिलं होतं."

"कुठं लिवलं हुतं?" त्यांनी ड्रॉवरमधून झेरॉक्स काढून माझ्यापुढे सरकवली. "दावा की. सही तर तुमचीच हाय."

मूळ तक्ता त्यांनी परत केला नव्हता. मागितला तेव्हा जिल्ह्याला आहे म्हणाले.

अश्विनीने मोजणे थांबवले नव्हते. आता सोमवारची वाट बघत नव्हती, रोज मोजत होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर एका दुपारी ती वही घेऊन व्हरांड्यात आली. खिळे तिथेच होते, तक्ता नव्हता. वहीच्या शेवटच्या पानावर, रोजच्या तारखांपुढे: आठ. सात. पाच. चार. चार. दोन. एक. एक. खाली रेघ मारून 'कोरडा'.

"सर, ह्ये पन छापा."

मी बातमी लिहिली. त्यात साठ पोहरे होते, दुमडलेला रकाना होता, मोटारीचे तास होते. संध्याकाळी बीडहून दूरध्वनी आला. बातमी घेणारा माझा जुना सहकारी होता, चांगला माणूस.

"मार्चात विहीर आटली. यात बातमी काय? जिल्ह्यात आज विहिरी आटल्याशिवाय दुसरं काय होतंय? दुसऱ्या बाजूचा दुजोरा आहे?"

"मुलीची वही आहे."

"वही म्हणजे पुरावा नाही रे. तुला सांगायला पाहिजे का?"

सांगायला नको होते. त्याच्या जागी असतो तर हेच वाक्य मी म्हणालो असतो. त्याच मुलीच्या त्याच वहीवरून महिन्याभरापूर्वी आठ ओळी छापल्या होत्या, तेव्हा दुजोरा कुणी मागितला नव्हता. मी तो मुद्दा काढला नाही. बातमी पुन्हा पाठवली नाही.

तीन दिवस ती सकाळी गावातल्या न्हाव्याच्या दुकानापाशी थांबत होती. तिथे पेपर यायचा. न्हाव्याने सांगितले, पोरगी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघती, वधू-वर पाहिजेसुद्धा. चौथ्या दिवशी ती आली नाही.

मी वस्तीवर गेलो तेव्हा बिऱ्हाड घोड्यावर बांधून झाले होते. दोन तान्ही कोकरे जाळीच्या पिशवीत, पोहरा वरती उलटा. मारुती मेंढरांना हाकारत होते. मी काहीतरी बोललो. ते रोजनिशीत नाही. त्यांचे उत्तर आहे.

"तुमची चूक न्हाई सर. तुमी इचारलं, पोरीनं सांगितलं. आमच्यात सांगत नसतेत, एवढंच."

"परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. हिला इथं कुणाकडं ठेवता येईल का? माझ्या घरी आई आहे."

मारुतींनी मुलीकडे बघितले. अश्विनी घोड्याचा दोर आवळत होती. तो आमचाच दोर होता, सुताचा, हाताहातावर गाठी असलेला. गाठीमुळे तो घसरत नव्हता.

"न्हाई सर," ती म्हणाली. "वही तुमालाच ऱ्हाऊ द्या. मार्क द्यायचे असतील तर द्या."

मी तिला प्रकल्पाचे पूर्ण गुण दिले. ते पत्रकात भरले गेले. वार्षिक परीक्षेच्या सर्व विषयांपुढे गैरहजर अशी नोंद झाली. पुढच्या जूनमध्ये तिचे नाव पटावरून कमी केले.

त्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. कुटुंब श्रावणात परतले. मी तोवर बीडला, पुन्हा बातम्या तपासायला गेलो होतो. वही माझ्याकडे आहे. पुठ्ठ्यात कात्रणही तसेच आहे. ती काढून घ्यायला विसरली, की मुद्दाम ठेवले, मी विचारलेले नाही. नंतर दोन वेळा महाविद्यालयांत वृत्तलेखनावर बोलायला बोलावले, तेव्हा विदा, माहिती आणि ज्ञान यांतला फरक मी सांगितला. उदाहरण तापमानाचे दिले.

यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात धर्मापुरीला देवळाच्या कामाची बातमी होती. ती उरकून परत येताना गाडी वस्तीकडे वळवली. रस्ता आता डांबरी आहे. दूध संस्थेच्या इमारतीला कुलूप आहे. दूध आता खासगी गाडीवर जाते. चेअरमन वारले आहेत. मारुतींना कमी दिसते, ते बाजेवर बसून होते आणि मेंढरांच्या आवाजावरून ती मोजत होते. माझा आवाज त्यांनी ओळखला.

"फोटोवाले सर का?" ते म्हणाले. "बसा."

अश्विनी विहिरीकडून आली. तिचे सासर त्याच शिवारात आहे. सकाळी ती वडिलांकडे येऊन मेंढरांचे बघते. तिने डोईचा पदर सारखा केला, चहा टाकला, माझ्या आईची चौकशी केली. आई गेल्याचे सांगितले तेव्हा चुलीतले लाकूड पुढे सारत "कवा?" एवढेच विचारले. मग कपात चहा ओतला, वडिलांना बशीत दिला.

विहिरीच्या कठड्यावर पोहरा उपडा घातलेला होता. मोटार नव्हती. पोहऱ्याला नवा दोर होता, निळा, नायलॉनचा. त्याला एकही गाठ नव्हती. अकराच्या सुमाराचे ऊन होते, वाऱ्याला वाळल्या गवताचा वास होता. विहीर वीस पावलांवर होती. मी उठून आत बघितले नाही.

"पाऊस तर गेला," मी म्हणालो. "विहिरीला पाणी किती आहे?"

अश्विनीने विहिरीकडे बघितले नाही.

"पुरतंय, सर," ती म्हणाली.